रस्ता रुंद झाला तरी शाळा लांबच का राहते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिम उपनगरातलं एक कुटुंब विचारतं. मुलीची शाळा घराच्या गॅलरीतून दिसते, नकाशावर सरळ रेषेत ४०० मीटर. पण जायचं तर सोसायटीच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर यायचं, सिग्नलला थांबायचं आणि पुढच्या गल्लीतून पुन्हा आत शिरायचं. एकूण सव्वादोन किलोमीटर. शहर वाढताना हे असंच व्हायचं का? समोरचा रस्ता ३० मीटर होणार आहे, त्याने फरक पडेल का? आणि मधली कंपाउंड भिंत पाडून घेता येईल का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी देतो: फारसा पडणार नाही. रुंदीकरणानंतर त्या रस्त्यावरच्या गाड्या जरा मोकळ्या चालतील, तेही काही वर्षंच. पण ४०० मीटरवरच्या शाळेसाठी तुम्हाला त्या रस्त्यावर यावं लागतं, हे मूळ दुखणं तसंच राहील. नगररचनेच्या कामात आयुष्य काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या उपनगरांत रस्ते अरुंद आहेत याहून ते एकमेकांना जोडलेले नाहीत, हा आजार मोठा आहे. आणि जोडणी स्वस्तात करून घ्यायची वेळ एकदाच येते, शेताचे प्लॉट पडतात तेव्हा. त्यानंतर इमारती पडतात, नव्या उभ्या राहतात, मालक बदलतात, पण गल्ली जिथे अडली तिथेच अडलेली राहते.

जोडणी मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून आपल्या भागाच्या एक चौरस किलोमीटरची प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. रस्ता संपतो तिथे १, तिठ्यावर ३, चौकात ४ असे आकडे लिहा आणि सरासरी काढा. जुन्या पेठांत ३ आणि ४ भरपूर दिसतील. तुमच्या भागात एकांची रांग लागेल. दुसरं माप त्याहून सोपं आहे: चालण्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. चौकोनी जाळीचे रस्ते असतील तर हे प्रमाण वाईटात वाईट १.४१ पर्यंत जातं, सरासरी १.२७ च्या आसपास राहतं. तुमच्या शाळेच्या बाबतीत ते साडेपाचच्या वर आहे. इतक्या प्रमाणात कुणी मूल चालत पाठवत नाही, आणि त्यात पालकांची चूकही नाही. स्कूटर निघते, ती त्याच मुख्य रस्त्यावर येते, आणि मग आपण म्हणतो की वाहनं फार वाढली.

आता गणित बघा. एका चौरस किलोमीटरमध्ये दर १०० मीटरला रस्ता टाकला तर सुमारे २० किलोमीटर रस्ते आणि १०० चौक होतात. हे रस्ते सरासरी १२ मीटर रुंद धरले तर जमीन जाते २३ टक्क्यांपेक्षा थोडी कमी. त्याच जागेत दर ५०० मीटरला ३० मीटरचे भव्य रस्ते टाका: रस्ता उरतो ४ किलोमीटर, चौक ४, जमीन जाते १२ टक्क्यांच्या आत. दुसरा आराखडा कागदावर रुबाबदार दिसतो, जमीनही कमी मागतो. पण त्याचा अर्थ असा की ५०० मीटरच्या प्रत्येक चौकटीच्या आतलं सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटॅट या संस्थेने २०१४ मध्ये दिलेलं मापही इकडेच बोट दाखवतं: दर चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ते, आणि जमिनीचा किमान ३० टक्के हिस्सा रस्त्यांना.

पुण्यात रस्त्यांचा इतिहास वाचायचा तर पत्ते वाचावेत. सदाशिव, नारायण, शुक्रवार इथल्या जुन्या पत्त्यात ‘सि. स. नं.’ असतो. ही सिटी सर्व्हे होण्याआधीच वसलेली वस्ती. रस्ते अरुंद, पण आरपार. भाऊ महाराजांचा बोळ घ्या नाहीतर तपकीर गल्ली, तिथे चारचाकी घालणाऱ्याला कुणी शहाणं म्हणणार नाही, पण पायी माणसाला इकडून तिकडे जाता येतं. शिवाजीनगर, डेक्कन, मॉडेल कॉलनी या भागातल्या कितीतरी पत्त्यांत ‘फा. प्लॉट नं.’, म्हणजे फायनल प्लॉट, दिसतो. तो नगररचना योजनेतून आलेला आहे, त्याविषयी पुढे बोलतो. आणि कोथरूड, बाणेर, वडगाव, धायरी, वाघोली इकडे आलात की ‘स. नं., हि. नं.’ (सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर) किंवा सरळ ‘गट नं.’. म्हणजे पत्ता अजून सातबाऱ्याचाच आहे. शेत गेलं, बांध मात्र राहिला. तुमच्या आणि शाळेच्या मधली भिंत बहुतेक त्या बांधावरच उभी असणार.

हा बांध समजून घ्यायला हवा, कारण सगळं त्यावरच अडतं. आपल्याकडे वाटण्या होताना प्रत्येक भावाला रस्त्याची किंवा ओढ्याची बाजू मिळावी म्हणून शेताच्या लांब पट्ट्या पाडतात. रस्त्यावर तोंड ३०-४० मीटर, खोली तीन-चारशे मीटर. बिल्डर एका वेळी एक पट्टी घेतो, फार तर शेजारच्या दोन. तो मुख्य रस्त्यापासून आत एक रस्ता काढतो आणि तो शेवटच्या बांधापाशी संपतो. शेजारची पट्टी पाच वर्षांनी विकसित होते, तिचाही रस्ता तसाच. अशा वीस पट्ट्या झाल्या की केसांच्या फणीसारखा नकाशा तयार होतो: वीस दात, पाठीला एकच मुख्य रस्ता. यात बेकायदा काहीच नाही. प्रत्येक रेखांकन, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचा नकाशा, रीतसर मंजूर झालेलं असू शकतं.

नियमही नकळत याच बाजूला ढकलतात. अंतर्गत रस्ता जितका लांब, तितका तो रुंद ठेवावा लागतो. हेतू चांगलाच आहे. पण बिल्डर हिशेबी असतो. तो रस्त्याची लांबी अशी बसवतो की वरच्या रुंदीत जावं लागू नये, आणि मग रस्ता बांधाच्या अलीकडेच थांबतो. त्यापुढे जी १० टक्के मोकळी जागा सोडायची असते ती नेमकी मागच्या टोकाला टाकली जाते. म्हणजे रस्ता पुढे जाऊ शकला असता तिथे आता घसरगुंडी आणि ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. ते हटवा म्हणायची कुणाची छाती आहे? दुसरीकडे इमारतीची उंची आणि जादा चटई क्षेत्र, म्हणजे किती बांधकाम करता येईल ते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणून रुंदीसाठी भांडणारे पुष्कळ भेटतात. शेजारच्या पट्टीशी रस्ता जोडून एक चौरस फूटही जादा मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी भांडणारा बिल्डर मला अजून भेटायचा आहे.

शेत गुंठ्यागुंठ्याने विकतात त्या गुंठेवारीत हेच आणखी बारीक प्रमाणावर होतं. ४० गुंठ्यांचा एकर, त्यात एजंट चुन्याने रेषा मारतो, मधून सहा मीटरची वाट सोडतो आणि शेवटच्या प्लॉटवाल्याला ती वाटही विकून टाकतो. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. घरं कागदावर आली, पण कागदाने वाट रुंदही होत नाही आणि पुढे सरकतही नाही.

मग विकास आराखड्यातले रस्ते कुठे गेले? आराखडा उशिरा येतो. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत एकदम ३८ गावं आली, नंतर काही वगळून २३ राहिली. त्यांचा आराखडा टप्प्याटप्प्याने पूर्ण मंजूर व्हायला दशकाहून अधिक काळ गेला. जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा २०१७ च्या जानेवारीत मंजूर झाला, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावर. पुन्हा २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी मुंबईकडे जाणारा किंवा आयटी पार्ककडे जाणारा रस्ता, मग त्याच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या, मग हद्दवाढ, मग आराखडा. आराखडाकाराच्या हाती कागद येतो तेव्हा त्यावर निम्म्या इमारती आधीच उभ्या असतात, आणि तो बिचारा उरलेल्या फटींतून रस्ता काढत बसतो.

आणि काढलेला रस्ता पूर्ण होत नाही, त्याचं कारण बहुतेक लोक ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दात संपवतात. मला ते अपुरं वाटतं. आराखड्यातली रेषा ज्याच्या शेतातून जाते त्याची जमीन जाते. ज्याच्या शेताशेजारून जाते त्याच्या जमिनीचा भाव दुप्पट होतो. एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने कमवायचं. पहिला कोर्टात जाणारच, मीही गेलो असतो. शिवाय दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घ्यायची वाट मालकाला आहे. म्हणून आपल्याकडे दोन किलोमीटरच्या रस्त्यातले अठराशे मीटर झालेले असतात आणि दोनशे मीटर अडकलेले. ते दोनशे मीटर नसले की बाकीचे अठराशे केवळ पार्किंगच्या कामाचे. नदीवर पूल तयार आणि पोचरस्त्याची जमीन नाही, म्हणून पूल वर्षानुवर्षं रिकामा, हे बालेवाडी आणि वाकडच्या मध्ये मुळा नदीवर सगळ्यांनी पाहिलंय.

सिंहगड रस्ता याचं ठसठशीत उदाहरण. एका बाजूला मुठा, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि कालवा, मध्ये एकच मुख्य रस्ता आणि दोन्हीकडे गल्ल्यांचे दात. तिथे आता उड्डाणपूल झाला आहे. लांब जाणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, नाही कशाला म्हणू. पण माणिकबागेतल्या माणसाला शेजारच्या गल्लीत जायचं तर पुलाखालच्याच रस्त्यावर यावं लागतं. हिंजवडीत तर औद्योगिक क्षेत्राचे टप्पेच एकापुढे एक, एकाच कण्यावर ओवलेले. पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी गाडी बंद पडली की तिसऱ्या टप्प्यातली सुट्टी लांबते. शिवाजीनगरपर्यंतची सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो तिथे हवीच होती. मात्र स्थानकापासून घरापर्यंतचे शेवटचे ८०० मीटर पुन्हा त्याच भिंतींमधून जायचे आहेत.

हे फक्त पुण्याचं किंवा भारताचं नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी अमेरिकेच्या आणि नंतर जगभरच्या रस्त्यांच्या जाळ्यांचा असाच, चौकाला किती रस्ते मिळतात ते मोजून, अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष २०१५ आणि २०२० मध्ये आले. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून घरकर्जाला हमी देणारं सरकारी खातंच बंद टोकाच्या गल्ल्यांची शिफारस करत होतं. गल्लीत परकी गाडी येऊ नये, मुलं खेळावीत, हा विचार. त्यानंतर तिथली नवी उपनगरं साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अधिकाधिक तुटक होत गेली आणि मग कल उलटा फिरला. आपोआप फिरला नाही. ठिकठिकाणी नियम बदलले. व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये ठरवलं की नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना जोडलेले असतील तरच राज्य त्यांची देखभाल पत्करेल. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात सक्ती नाही. फक्त खड्डे कुणी बुजवायचे एवढंच ठरवलंय. जागतिक अभ्यासातली काळजीची गोष्ट अशी की जगाच्या मोठ्या भागात नवी वाढ अजून तुटकपणाकडेच चालली आहे, आणि कुंपणं घातलेल्या वसाहतींचा त्यात मोठा हात आहे.

आपण याआधी यापेक्षा बरं केलं होतं, हे मात्र बोचतं. १९१५ चा मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला कायदा. त्याची रीत अशी: एका भागातल्या सगळ्या शेतांच्या हद्दी कागदावर पुसायच्या, रस्ते, बागा, शाळा आखायच्या, आणि मग प्रत्येक मालकाला थोडा लहान पण चौकोनी, रस्त्यावर तोंड असलेला प्लॉट परत द्यायचा. मूळ भूखंड गेला, अंतिम भूखंड आला. भाव वाढतो त्यातून खर्चाचा वाटा वसूल करायचा. कुणा एकाचंच सगळं जात नाही, म्हणून कोर्टात जायचं कारणही कमी होतं. मुंबईतल्या पार्ले, सांताक्रूझ, वांद्र्याच्या जुन्या भागांतले नीट रस्ते आणि पुण्यातले ते ‘फा. प्लॉट’ ही याच रीतीची देणगी.

पुढे महाराष्ट्रात विकास आराखडा हाच मुख्य कार्यक्रम झाला. १९६६ च्या कायद्यात नगररचना योजनेचं प्रकरण आहे, पण लवाद, हरकती, मंजुऱ्या यात योजना इतक्या रखडत की खात्याने तो नादच जवळजवळ सोडला. शेजारच्या गुजरातने १९७६ मध्ये आपला कायदा केला, १९९९ मध्ये तो सुधारला आणि योजना चालू ठेवल्या. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंगरोडची बरीचशी जमीन अशा योजनांतून आली. त्या रिंगरोडच्या आत एखाद्या योजनेचा नकाशा काढून बघा: गल्ल्या फार सुंदर नाहीत, पण एकीतून दुसरीत जाता येतं. आपल्याकडे २०१४ पासून नव्या भूसंपादन कायद्यामुळे जमीन महाग झाली तेव्हा पुन्हा या जुन्या रीतीची आठवण झाली. पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हाळुंगे-माण योजना सुमारे २५० हेक्टरची आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीतही योजना हाती घेतल्या गेल्या. माझं स्पष्ट म्हणणं आहे की नव्या गावांत रिंगरोडच्या आधी या योजना व्हायला हव्यात. आतल्या जाळ्याशिवाय टाकलेला रिंगरोड हा आणखी लांबच्या शेतात पट्ट्या पाडायला दिलेलं आमंत्रण असतं.

मगरपट्टा सिटीचा दाखला इथे हमखास दिला जातो. शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, बांध स्वतःहून पुसले, आतले रस्ते उत्तम झाले. हे खरोखर मोठं काम आहे. पण शहराच्या बाजूने पाहिलं तर चारशे एकरांची, फाटकं लावून बंद केलेली वसाहत हा एकच मोठा चौकोन ठरतो. तो ओलांडून जायचं नसतं, त्याला वळसा घालायचा असतो. प्रत्येक मोठ्या टाउनशिपला हा प्रश्न विचारावा: आत छान, पण आरपार काय?

आता दुसरी बाजू. रहिवाशांना फाटक का हवं असतं हे मला कळतं. आरपार रस्ता उघडला की सिग्नल चुकवणारे दुचाकीवाले सुसाट येतात, चोरीची भीती वाटते, ‘हा रस्ता आम नाही’ अशी पाटी लागते. त्यांना शहाणपण शिकवून काही होत नाही. जोडणी गाडीची आणि जोडणी माणसाची या दोन वेगळ्या गोष्टी करता येतात. दोन खांब उभे करून मध्ये दीड मीटर जागा ठेवली तर चालणारा आणि सायकल जाते, मोटार जात नाही. नवी मुंबईतल्या सिडकोच्या काही सेक्टरांत गाड्यांचे रस्ते अडतात पण पायवाटा पुढे जातात, त्या संध्याकाळी किती वापरल्या जातात ते बघावं.

आणि प्रत्येक तुटलेली रेषा जोडावीच असंही नाही. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीवरून रस्ता काढायचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात मी टेकडीच्या बाजूचा आहे. खडकी, लोहगाव, धानोरीकडे संरक्षण खात्याच्या जमिनी आहेत, तिथे वळसा राहणारच. म्हणूनच जिथे फक्त भिंत आडवी आहे तिथे ती सोडू नये. जोडणीचे फायदे वाहतुकीपुरतेच नसतात. पाण्याच्या पाइपलाइनी रस्त्याखालून जातात. गल्ली बंद असली की लाइनही बंद टोकाची राहते, शेवटच्या घरांना दाब कमी मिळतो, गाळ तिथेच साठतो. बसला वळायला जागा नसते म्हणून ती आत येत नाही. अग्निशमनच्या गाडीला एकच वाट असते, आणि त्या वाटेवर लग्नाचा मांडव पडला की विषय संपला.

राहता राहिला तुमच्या भिंतीचा प्रश्न. आधी तीन कागद मिळवा: तुमच्या सोसायटीचं मंजूर रेखांकन, पलीकडच्या सोसायटीचं मंजूर रेखांकन, आणि तुमच्या गटाचा विकास आराखड्यातला उतारा. रेखांकन बांधकाम परवानगी विभागाकडून माहितीच्या अधिकारात मिळतं. हद्दीबद्दल वाद निघाला तर भूमी अभिलेखची मोजणी मागा. आराखड्यात तिथून रस्ता जात असेल तर काम सरळ आहे: जमीन ताब्यात आली का आणि मोबदला टीडीआरने (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काने) दिला की चटई क्षेत्राने, हे पथ विभागाला लेखी विचारा. आराखड्यात रस्ता नसेल पण दोन्ही रेखांकनांत अंतर्गत रस्ते हद्दीपर्यंत दाखवलेले असतील, तर भिंत त्या रस्त्याच्या तोंडावर आहे आणि तुमची बाजू भक्कम आहे. रेखांकनात रस्ता अलीकडेच संपत असेल, तर मात्र सगळं दोन्ही सोसायट्यांच्या संमतीवर; महापालिका मध्यस्थी करू शकेल, फार पुढे जाणार नाही.

संमतीसाठी जाताना शाळेच्या मुख्याध्यापकांना बरोबर घ्या. पूर्ण रस्ता मागू नका. दीड-दोन मीटरचं फाटक, सकाळी आणि दुपारी शाळेच्या वेळेत उघडं, पलीकडच्या सोसायटीच्याच पहारेकऱ्याच्या नजरेखाली आणि त्याच्या पगारातला वाटा तुमच्याकडून, एवढंच मागा. पहिल्या सर्वसाधारण सभेत गाड्यांचा विषय काढूच नका. काढलात तर ती सभा पार्किंगवर जाईल आणि तिथेच संपेल.